पुस्तकातलं कोरं कार्ड

धाकट्या बहिणीचं पत्र येऊन आठ महिने झाले होते. ‘दादा, मी मनाच्या डॉक्टरांकडे जाते. गोळ्या चालू आहेत. फक्त तुलाच कळवतेय.’ निवृत्त ग्रंथपालाने त्याच दिवशी पोस्टकार्डावर तिचा पत्ता लिहिला. पण पुढचा मजकूर काही केल्या सुचेना, म्हणून ते पुस्तकात खूण म्हणून घातलं. पुस्तकं बदलत गेली, कार्ड कोरंच राहिलं.

आज औषधाच्या दुकानात त्याच्यापुढे दोघी जावा उभ्या होत्या. धाकटी शिवणकाम करणारी.

“या उदास वाटण्यावरच्या गोळ्या ना गं?”

“हो. आणि कुजबुजू नका, जाऊबाई. आता लपवत नाही मी.”

“आधी कुठे लपवायचीस?”

“बटणांच्या डबीत.”

“अगंबाई! गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला गोळी लावली असतीस म्हणजे?”

“लावायलाच घेतली होती! सुईला भोक सापडेना, तेव्हा कळलं.”

“आणि सासूबाईंना?”

“बटण शोधायला त्यांनीच डबी उघडली.”

“घर डोक्यावर घेतलं असेल!”

“छे. ‘झोप लागते का गं?’ एवढंच विचारलं.”

“बस्स?”

“बस्स. माहेरी मी स्वतःहून कळवलं होतं. तिकडून अजून अवाक्षर नाही.”

जावा गेल्या.

“आजोबा, तुम्हाला काय देऊ?”

“जरा पेन द्याल?”

काखेतल्या पुस्तकातून कार्ड काढून काउंटरवरच त्याने त्यावर लिहिलं, ‘झोप लागते का गं?’ मग रक्तदाबाच्या गोळ्या न घेताच तो कोपऱ्यावरच्या टपालपेटीकडे निघाला. कार्ड आत पडल्याचा आवाज आला, तरी त्याने फटीतून एकदा डोकावून पाहिलं.