भिंत कोणाची मोठी

...नाही, पण मला सांगा, गावच्या सभेत दोन यंत्रांची तुलना पंधरा मिनिटांत करायची, त्यातली सात मिनिटं माईक सुरू होण्यात गेली, कारण माईक डिझेलवर, पंखा डिझेलवर, दिवा डिझेलवर, आणि डोक्यावरून सहा लाख व्होल्ट. तुम्हाला सांगते, मादेइरा नदीच्या धरणावरून निघालेली ती तार आमच्या छपरांवरून थेट दक्षिणेला जाते, साओ पावलोच्या लिफ्टा वरखाली करते, आणि खाली आम्ही मेणबत्त्या शोधतो.

मी सहा वर्षं स्वीडनमध्ये अशा तारांतली वीज खाली उतरवायचं शिकत होते, म्हणून गाव मला दोतोरा म्हणतं, म्हणजे शिकलेली बाई. कोणासाठी? बाबांसाठी. माझे बाबा, देओक्लेसियो, यांनी तीस वर्षं गावचा जनरेटर चालवला, त्याच्या धुराने फुप्फुसं गेली, मग नाकात नळी, नळीला ऑक्सिजनचं यंत्र, आणि ते यंत्र कशावर? त्याच जनरेटरवर. तो खोकला की बाबा निळे पडायचे. आणि डोक्यावरून सहा लाख व्होल्ट.

तर सरकार म्हणालं, तारेतून तुम्हालाही थोडी वीज काढून देतो. तारेत असते डीसी, घरात लागते एसी. ती फिरवून देणारं केंद्र बांधू, कोणत्या पद्धतीचं ते जाहीर सभेत ठरवा. मी उभी राहिले. म्हटलं, एक असतं थायरिस्टरचं. जुनं, दणकट, स्वस्त, वीज कमी वाया घालवतं. पण त्याला फक्त सुरू करता येतं, थांबवता येत नाही. थांबवायला पलीकडे आधीपासून जिवंत एसीचं जाळं लागतं... नगराध्यक्षांच्या भाषणासारखं, म्हटलं, बाहेरून कोणीतरी आवरावं लागतं. कोणी हसलं नाही. नगराध्यक्ष आदाउतो पहिल्याच रांगेत होते. दुसरं ट्रान्झिस्टरचं. महाग, पण स्वतः सुरू होतं, स्वतः थांबतं, मेलेल्या गावातसुद्धा एकट्याने दिवे लावतं. आता सांगा, आपलं गाव कसं आहे?

"मेलेलं," शाळेत स्वयंपाक करणाऱ्या दोना नेइजी मागून म्हणाल्या. "पण दोतोरा, ते खायचं कधी वाटणार? कोंबडीचे वडे गार होतायत."

मग आदाउतो उठले. "दोतोरा, एवढंच सांगा, इमारत कोणाची मोठी?"

मी प्रामाणिक. स्वीडनमध्ये तेवढंच फुकट शिकवतात. म्हटलं, थायरिस्टरची. चर्चपेक्षा उंच दालन, बाहेर मैदानभर फिल्टर.

"आणि तुमची?"

"निम्मी."

"इतक्या लांब जाऊन निम्मीच आणलीत होय?"

आता सगळे हसले. अजून मी सावरतेय तोच आदाउतो म्हणाले, केंद्राला आपल्या सेऊ देओक्लेसियोंचं नाव द्यायचं मी ठरवलंय. आणि आमच्याकडे कायदा असा, की सरकारी इमारतीला जिवंत माणसाचं नाव देता येत नाही. सगळी सभा वळून बाबांकडे बघायला लागली. आदाउतोंनी तर घड्याळाकडेही बघितलं. "घाई नाही, सेऊ देओक्लेसियो. बांधायला दोन वर्षं लागतील. तोवर सावकाश."

बाबांनी नळी सरकवली. "पाटी त्या उंच भिंतीवर लागणार का?"

"नदीवरून दिसेल अशी."

आणि बाबांनी हात वर केला. थायरिस्टरला. म्हटलं, बाबा, मी तुमच्या श्वासासाठी भांडतेय. तर म्हणाले, "पोरी, तीस वर्षं गावाला उजेड दिला, कोणी तोंडाकडे बघून बोललं नाही. आता मोठ्या अक्षरांत वाचू दे." ट्रान्झिस्टरला अख्ख्या गावात एकच मत पडलं, माझं.

बांधलं. दोन वर्षांत, उंच, पांढरं. उद्घाटनाला बाबा हट्टाने आले, खुर्चीसकट, यंत्रासकट, आपल्याच भिंतीखाली बसले, वायर केंद्राच्या प्लगला, त्यात वीज अजून जनरेटरचीच. आणि राजधानीतले इंजिनियर विचारतात, "तुमचं जिवंत जाळं कुठंय?" मी म्हटलं, नाहीये, हेच मी सभेत सांगत होते. त्यावर त्यांनी काय करावं? गावचा जनरेटर अख्खा केंद्राकडे वळवला, थायरिस्टरला आधार म्हणून. एक जनरेटर. प्लग मेला. यंत्र थांबलं. राखीव सिलिंडर गुरुवारच्या बोटीने यायचा होता, आणि हा मंगळवार. मी ओरडतेय, जनरेटर परत वळवा, आणि आदाउतोंना माईक लागत नाही हो, ते बोलतच होते... प्रगती, भविष्य, उजेड... कोणी आवरलं नाही. आणि डोक्यावरून सहा लाख व्होल्ट.

अकरा वाजून वीस मिनिटांनी बाबा गेले. साडेअकराला कायद्याची अडचण दूर झाल्याचं जाहीर झालं. दुपारी पाटी चढली.

केंद्र काही सुरू झालं नाही. पण थायरिस्टरला दमट हवा सोसत नाही, म्हणून दालनातली हवा कोरडी, गार, स्वच्छ ठेवणारी यंत्रं अखंड चालवावी लागतात, गावच्या जनरेटरवर. घरांना उरलंसुरलं. आणि दिवे गेले की दोना नेइजी आता पोरांना समजावतात, "ओरडू नका रे, देओक्लेसियोला श्वास लागतो."