काठ्यांच्या खुणा

हॅल्वर : ...आणि स्कीवर वळताना भार बाहेरच्या पायावर. सकाळभर मी घसा कोरडा केला, तेव्हा तुम्ही आतल्या पायावर रेलत होतात. मग मघाच्या फेरीत एकदम कसं जमलं?

डॉरीन : बघितलंत तुम्ही?

हॅल्वर : याच लिफ्टच्या खुर्चीतून. म्हणून तर तुम्हाला एकटीला उतरायला लावलं. वरून नीट दिसतं. पन्नाशी उलटलेली बाई एका दुपारीत अशी वळायला लागलेली मी उभ्या मोंटानात पाहिली नाही.

डॉरीन : शाळेची बस चालवते मी, वळणं मला नवीन नाहीत. पण खरं सांगू? पुढच्या बाईची नक्कल केली.

हॅल्वर : कुठल्या बाईची?

डॉरीन : होती ना माझ्यापुढे. ऊन गेलं, सावल्या गेल्या, उंचवटा कुठे नि खड्डा कुठे काही कळेना. तेवढ्यात पुढे लाल जाकीट दिसलं, पाठीवर पांढरा क्रॉस. ती वळली की मी वळायचे.

हॅल्वर : क्रॉस गस्तीवाल्यांचा. या उतारावर आज त्यांचं कुणी नाही. आणि तुम्ही एकट्याच होतात, मी बघत होतो.

डॉरीन : मग तुमचा चष्मा बदला. फार सुरेख वळायची. फक्त डावीकडे वळताना काठी दोनदा टेकवायची. टक, टक. म्हटलं, तशी पद्धत असेल.

हॅल्वर : पद्धत नाही. खोड आहे. लग्न झाल्यापासून ओरडत आलो मी त्या खोडीवरून.

डॉरीन : म्हणजे कुणावर?

हॅल्वर : खाली बघा. दुपारच्या ताज्या बर्फात तुमचा माग दिसतोय. एकच आहे.

डॉरीन : असणारच. मी तिच्याच रेघेतून उतरले.

हॅल्वर : मागाच्या बाजूला काय आहे?

डॉरीन : भोकं. काठ्यांची. उजव्या वळणाला एक... डावीकडे दोन दोन.

हॅल्वर : तुमच्या काठ्या कुठे आहेत, डॉरीन?

डॉरीन : तुमच्या मांडीवर. तोल यावा म्हणून तुम्हीच काढून घेतल्यात ना सकाळी. आणि मला बरं वाटावं म्हणून स्वतःच्या काठ्याही खालच्या ठाण्यावर ठेवून आलात.

हॅल्वर : हो.

डॉरीन : कोण होती ती?

हॅल्वर : मार्नी. माझी बायको. लिफ्ट बंद झाली की गस्तीवाले शेवटी उतरतात. थोडं उतरायचं, थांबायचं, हाक मारायची, कान द्यायचा. डोंगरावर कुणी राहू नये म्हणून. जानेवारीत एका संध्याकाळी ते काम तिच्याकडे होतं. वायरलेसवर म्हणाली, झाडांतून कुणीतरी ओ दिली, बघून येते.

डॉरीन : कुणी दिली होती?

हॅल्वर : कुणीच राहिलं नव्हतं त्या दिवशी. सगळ्यांची मोजदाद जुळली. फक्त तिची नाही.

डॉरीन : सापडली नाही अजून?

हॅल्वर : झाडाच्या बुंध्याभोवती बर्फ पोकळ असतो. माणूस डोकं खाली, पाय वर असा आत पडतो आणि वरून बर्फ मिटतो. आता मे महिन्यात वितळेल तेव्हा, असं म्हणून सगळे घरी गेले.

डॉरीन : आणि तुम्ही रोज शिकवणी संपली की उताराच्या हद्दीची दोरी ओलांडून झाडांत शिरता. एकटे. कॅन्टीनवाली सांगत होती.

हॅल्वर : कॅन्टीनवालीने सूप ढवळावं. ती कुठे वळली, ते सांगा.

डॉरीन : नाही सांगणार. ताज्या बर्फात झाडांत एकट्याने जायचं नाही, हे सकाळी मला कुणी बजावलं?

हॅल्वर : ते शिकाऊंसाठी.

डॉरीन : माझ्या बसमधली मोठी पोरंही असंच म्हणतात. पट्टा लहानांसाठी.

हॅल्वर : थट्टा नको, डॉरीन. ती तिथे उलटी आहे. मेपर्यंत कसा झोपू मी? कुठल्या झाडापाशी, एवढंच सांगा.

डॉरीन : वीज पडून चिरलेलं आहे, त्याच्यापाशी. पण पुढचं ऐकून घ्या. मी तिच्यामागे आत शिरणारच होते. ती थांबली, वळली, आणि दोन्ही काठ्या बर्फात आडव्यातिडव्या रोवल्या. फुलीसारख्या.

हॅल्वर : वाट बंद. आमच्याकडची खूण आहे ती. तुम्हाला अडवलं तिने.

डॉरीन : मलाही तसंच वाटलं. पण ती माझ्याकडे बघतच नव्हती.

हॅल्वर : मग?

डॉरीन : वर. लिफ्टकडे. तुमच्या खुर्चीकडे.

(खुर्ची वरच्या ठाण्याला लागते. दोघं उतरतात. त्यांच्यामागे लिफ्ट बंद होते.)

हॅल्वर : चेहरा दिसला?

डॉरीन : गॉगल होता. पण उभी कशी होती सांगू? माझी आई दार अडवून उभी राहायची, तशी.

हॅल्वर : हं. तीच ती.

डॉरीन : जाणार आहात आत?

हॅल्वर : या तुमच्या काठ्या घ्या. पुढे व्हा.

डॉरीन : मी विचारलं काहीतरी.

हॅल्वर : मेपर्यंत थांबतो. झालं समाधान? व्हा पुढे, मी मागे आहे.

डॉरीन : बोलत राहा मग. आवाज येऊ दे.

हॅल्वर : गुडघे मऊ. नजर लांब. घाई नको... ते चिरलेलं झाड आलं, तिकडे बघू नका. मीही बघत नाही. उजवीकडे. आता डावीकडे. छान.

डॉरीन : गेलं झाड?

हॅल्वर : गेलं.

डॉरीन : आणि तुम्ही आहात. बरं वाटलं. पण तिला नावं ठेवता, आणि डावीकडे वळताना तुम्हीही काठी दोनदा टेकवताय. ऐकू येतंय मला.

हॅल्वर : माझ्या काठ्या सकाळपासून खालीच आहेत, डॉरीन. चला. भार बाहेरच्या पायावर.