शेवटचा शब्द शेखरचा

खुशालराव : झेंडू पाहाले आला म्हनते अन् वावराकडं पाठ करून बसला. अमरावतीहून बाळापूर काही जवळ नाई, बापा. पोटात काय हाय ते बोल.

कुंदन : झेंडू तं पाहतोच ना, काकाजी. दसऱ्याले आठ दिवस राहिले, माह्या दुकानाले माल तुमचाच लागते. शेखर पाठवे तवाबी तुमचाच अन् आताबी तुमचाच. पन आज दुसरं बोलाचं हाय. ग्रुपचं.

खुशालराव : आपल्या 'रिकामे पन हुशार'चं?

कुंदन : त्याचंच.

खुशालराव : मंग ते तं आज मस्त रंगलं हाय. सकाळपासून वाचून राहिलो मी. त्या धर्मपालनं काय खुसपट काढलं, पाह्य. मेलेल्या गायकाच्या आवाजात मशीन नवं गानं म्हनते, तं ते गानं कोनाचं? गायकाचं का मशीनचं? माह्यासारख्या सातवी पास मानसाले दोन घंटे कामाले लावलं त्यानं.

कुंदन : शेषराव म्हनते, ज्याच्या मोबाईलची बॅटरी उतरली त्याचं.

खुशालराव : ते वाचलं. अन् परवाचं? भुताच्या पिच्चरमंदी बाई अंधारात 'कौन है, कौन है' करत फिरते, पन लाईटचं बटन काहून दाबत नाई? चाळीस जनाईनं चाळीस कारनं देली. अन् शेखरनं शेवटी काय निकाल लावला? 'बटन दाबलं तं भुताचा मेकअप दिसते. निकाल लागला. जेवून घ्या.' मले ठसका लागला बावा हासू हासू.

कुंदन : काकाजी, मी तेच बोलाले आलो.

खुशालराव : काय?

कुंदन : शेखरले जाऊन तीन महिने झाले.

खुशालराव : मले सांगते? बाप हाओ मी त्याचा.

कुंदन : रागावू नका. तीन महिने झाले, अन् रोज दुपारी एकच्या ठोक्याले त्याच्या नंबरवरून निकाल येते. वाद कोनताबी असो. बटनाचा फोन भारी का टचचा, अकोल्याचे लोक जास्त बोलतात का अमरावतीचे. तो जिता होता तवाबी शेवटचा शब्द कोनाले घेऊ देत नव्हता अन् आताबी देत नाई. सुरवातीले आमाले बरं वाटलं. म्हनलं, कोनीतरी मायेनं लिहून राहिलं. पन आता लोक भ्याले. धर्मपालची पोरगी खुशी त्याचा फोन हातात घ्याले तयार नाई. सात जन ग्रुप सोडून गेले. राहिलेले म्हनतात, कुंदन, तू ॲडमिन, आज एकच्या आत थो नंबर काढ, नाई तं आमीबी चाललो.

खुशालराव : जाऊ दे त्याईले. तू काढू नको.

कुंदन : ऐका तं खरं.

खुशालराव : तूच ऐक. शेखर गेला अन् माह्या घशाखाली घास उतरेना. रागिणी सूनबाई ताट वाढे, अन् जसंच्या तसं उचलून नेई. दहावा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी तू मले ग्रुपात घेतलं, ध्यानात हाय? त्याच दुपारी आलं. 'जेवून घ्या.' मी वाचलं अन् हात धुतले. तवापासून रोज एक वाजता ते वाचतो अन् जेवतो. दुसरं काही नाई मले आता. तू ते काढशीन तं मी काय करू, सांग.

कुंदन : म्हनूनच फोनवर नाई बोललो, समोर आलो. काकाजी, मले राग नाई. कोनालेच नाई. मले माहीत हाय, तुमीच लिहिता.

खुशालराव : मी?

कुंदन : शेखरचा फोन तुमच्या घरी. अन् मांगच्या सोमवारी काय आलं होतं? 'बाबा, चष्मा उशीखाली हाय. निकाल लागला. जेवून घ्या.' चष्मा खरंच उशीखाली होता का नाई?

खुशालराव : होता. सकाळपासून धुंडत होतो, मेसेजबी फोन डोळ्याले लावून कसाबसा वाचला.

कुंदन : मंग हे अमरावतीत बसून कोनाले दिसन?

खुशालराव : थांब. तू माह्यावर ढकलून राहिला का?

कुंदन : ढकलत नाई, काकाजी.

खुशालराव : लेका, मी तं समजून होतो तू लिहून राहिला. त्याचा फोन तू नेला असशीन, फोटो काढाले म्हनून. बुधवारी आलं, 'कुंदन, शेवंतीच्या बादलीतलं पानी बदल, वास मारून राहिलं.' मी मनात म्हनलं, पोट्टा हुशार हाय, संशय येऊ नाई म्हनून स्वतःलेच झापते. तुले कधी बोललो नाई. म्हनलं, लाजशीन अन् बंद करशीन.

कुंदन : पानी सडलंच होतं बुधवारी. दुकानात माह्याशिवाय कोनी नव्हतं.

खुशालराव : मंग तू नाई लिहत?

कुंदन : नाई. अन् तुमी?

खुशालराव : मले 'हो' लिहाले पाच मिन्टं लागतात, कुंदन.

रागिणी : मामाजी, वरण उतरवलं. भाकरी टाकू का थांबू? कुंदनभाऊ, तुमीबी जेवूनच जा. असे चेहरे काय झाले तुमचे?

कुंदन : वहिनी, शेखरचा फोन कुठी हाय?

रागिणी : काहून?

कुंदन : पाहाचा होता फक्त.

रागिणी : पाहून काय करता? पेटीत आहे, त्यांच्या सदऱ्यात गुंडाळलेला. मोटरपंपाचा शॉक लागला तवा ते अन् फोन एकाच नालीत पडले. त्यांले लोकांनी काढलं, फोन मी संध्याकाळी काढला. फुगला आहे तो. चार्जरची पिनसुद्धा आत जात नाही.

खुशालराव : अन् त्याच्यातलं सिम?

रागिणी : सिम मी तोडलं. राखेसंगं संगमात सोडलं, मन नदीच्या धारेत. माझ्या फोनात टाकलं होतं, तं रोज कोणी ना कोणी फोन लावे, शेखर आहे का म्हणून इचारे. किती जणांले सांगू? पण हे तुमी दोघं आज काहून इचारून राहिले?

कुंदन : काकाजी, सांगू का?

खुशालराव : सांग. आता काय लपवतो.

कुंदन : वहिनी, त्या नंबरवरून ग्रुपात रोज मेसेज येते. एक वाजता. शेखरसारखाच. धर्मपालचं मोबाईल रिपेरिंगचं दुकान हाय, त्यानं सगळे उपाय करून पाहिले. फोन लावला तं बाई म्हनते, हा नंबर अस्तित्वात नाही. अन् मेसेज त्याच्यावरूनच.

रागिणी : किती दिवसांपासून?

कुंदन : दहाव्याच्या दुसऱ्या दिवसापासून.

रागिणी : तीन महिने. ह्या घरात तीन महिने हे चालू आहे, अन् मले कोणी बोललं नाही. मी म्हणत होती, मामाजी एकाएकी जेवाले कसे लागले. मले वाटलं माझ्या हाताले चव आली.

खुशालराव : बाई, तुले तरास होईन म्हनून.

रागिणी : दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी. कुंदनभाऊ, दहाव्याले काय झालं होतं?

कुंदन : तुमी होताच ना संगमावर.

रागिणी : मी बायांमधी होती, लांब. मले फक्त एवढं दिसलं की कावळा येत नव्हता.

कुंदन : येतच नव्हता. समोरच्या बाभळीवर पंधरा कावळे, पन पिंडाकडं कोनी पाहेना. काकाजी म्हनले, वावर सांभाळतो. नाई आला. मी तुमच्या वतीनं म्हनलं, वहिनी काकाजीले अंतर देनार नाई. नाई आला. कोनी त्याच्या मोटारसायकलचं म्हनलं, कोनी राहिलेल्या शेवंतीचं. दोन घंटे झाले. भटजी दर्भाचा कावळा कराले बसले. तवा माह्या तोंडातून निंगून गेलं. रडूनच राहिलो होतो मी. म्हनलं, जा लेका आता, ग्रुपात शेवटचा शब्द तुहाच राहीन, कोनी घेनार नाई. म्हनलं, अन् कावळा उतरला.

खुशालराव : चोच मारली अन् उडालाबी नाई. बसून राहिला.

रागिणी : हे तुमी म्हटलं?

कुंदन : चुकलं का?

रागिणी : कुंदनभाऊ, माणूस तिथं काय बोलते? मायबाप सांभाळतो, लेकरं सांभाळतो. म्हणजे जाणाऱ्याची काळजी मिटली पाहिजे. तुमी तं त्यांले रोजची ड्युटी लावून देली. तुमचे वाद कधी संपत नाही, तं त्यांचा शेवटचा शब्द कधी संपन? कावळा शिवला, पण सुट्टी नाही देली तुमी माझ्या नवऱ्याले.

कुंदन : मी असा इचारच नाई केला, वहिनी.

रागिणी : नंबर काढा. आत्ता, माझ्यासमोर.

खुशालराव : अन् मी काय करू?

रागिणी : तुमी जेवाल. मी म्हणीन ना, जेवा.

खुशालराव : तू म्हनत होती तवा मी जेवत नव्हतो, बाई. खरं ते सांगतो, राग नको मानू.

रागिणी : राग नाही, माहीत आहे मले. पण मामाजी, इचार करा जरा. ते जिते होते तवा दुपारी एक वाजता काय करत होते? सकाळचा तोडा करून, फुलाचे क्रेट जीपवर चढवून येत अन् भिताडाले पाठ लावून बसत. दहा मिन्टं बोलू नका म्हणत. तेवढाच आराम होता त्यांले. आता तोबी नाही. मलेबी वाटते, एकदा तरी त्यांचं काही वाचाले भेटावं. तीन महिन्यात एक अक्षर माझ्यासाठी नाही आलं. तरी म्हणतो, काढा. बसू द्या त्यांले.

खुशालराव : कुंदन.

कुंदन : बोला काकाजी.

खुशालराव : किती वाजले?

कुंदन : एकाले दोन कमी.

खुशालराव : काढ मंग. पन माही एक अट हाय. उद्यापासून तू लिहाचं. उद्या नाई, आजपासूनच. त्याचं नाव नको लावू, तुह्याच नावानं लिह. वाद कसाबी तोड, मले त्याच्याशी मतलब नाई. शेवटी 'जेवून घ्या' तेवढं लिहजो.

कुंदन : लिहतो. रोज लिहतो. दुकानात कितीबी गर्दी असली तरी.

खुशालराव : शपथ नको घेऊ. मांगं संगमावर एक घेतली होती.

कुंदन : काढू, वहिनी?

रागिणी : काढा.

कुंदन : हे पाहा. 'शेखर'. त्याच्यावर बोट ठेवलं. मले इचारून राहिलं, नक्की काढाचं का. हो म्हनतो. काढला.

खुशालराव : झालं?

कुंदन : झालं. आता यादीत नाई थो. धर्मपालनं हात जोडले, पाहा. शेषरावनंबी.

खुशालराव : मले वाटलं काहीतरी होईन.

रागिणी : काय व्हायचं होतं? भाकरी टाकतो मी. तुमी हात धुवा.

खुशालराव : अगुदर लिहू दे त्याले. एक वाजून राहिला. लिह रे बापा. त्या गान्याचा काहीतरी निकाल लाव अन् सोड.

कुंदन : गान्याचं मले काही सुचतच नाई, काकाजी. डोकं बंद पडलं. तेवढंच टाकतो. 'निकाल लागला. जेवून घ्या.' टाकलं. आलं का तुमाले?

खुशालराव : वाजला फोन. चष्मा दे तिथला. कुंदन... हं, तुहंच नाव हाय. 'गानं ज्याच्यासाठी म्हनलं, त्याचं.' वा, लेका. डोकं बंद पडलं म्हनत होता. 'निकाल लागला. जेवून घ्या.' बस, आता बरं वाटलं. थांब, खाली अजून हाय.

कुंदन : खाली काही नाई.

खुशालराव : हाय ना. 'रागिणी, वरनात मीठ नाई.'

कुंदन : काकाजी, दाखवा बरं फोन. मी एवढं लिहलंच नाई. दोनच वाक्यं लिहली, तुमच्यासमोर.

खुशालराव : नाव तुहंच हाय.

कुंदन : माह्याही फोनात तेच दिसून राहिलं. माह्याच बोटानं गेलं हे. मले आठवत नाई, काकाजी. वहिनी, आईची आन, मी ते वरन पाह्यलंबी नाई.

रागिणी : कोणीच नाही पाहिलं. उतरवलं अन् झाकून ठेवलं. मीबी चाखलं नाही अजून.

(रागिणी आत जाते. भांड्यावरचं झाकण सरकल्याचा आवाज येतो. मग पळी वाजते.)

खुशालराव : बाई? हाय का मीठ?

रागिणी : बसा दोघंबी. मीठ घेऊन येतो.