दोन कुलपांचं कपाट

आदरणीय अध्यक्ष हौशीरामभाऊ, वाचनालयाचे पदाधिकारी, आजचे सत्कारमूर्ती आणि माझे अब्बा दस्तगीरभाई, जुन्नर-आंबेगावातून आलेले सर्व जण, नमस्कार. मी रुबिना. आधी घडलेलं क्रमाने सांगते.

१. अडतीस वर्षं चालवलेला फोटो स्टुडिओ अब्बांनी जानेवारीत बंद केला.
२. त्यातले एकेचाळीस हजार फोटो एका हार्ड डिस्कवर भरून या वाचनालयाला दिले.
३. डिस्क लोखंडी कपाटात ठेवली. कपाटाला दोन कुलपं.
४. परवा या कार्यक्रमासाठी कपाट उघडलं. डिस्क सुरूच झाली नाही.

चोरी झाली नाही, कुणाच्या हातून पडली नाही. डिस्क अशाच जातात, कुलपाच्या आतसुद्धा.

दुसरी प्रत माझ्याकडे आहे. ती आज अध्यक्षांच्या हाती देण्यात येईल, असं पत्रिकेत छापलंय. मी ती देणार नाही.

अब्बा, खुणा करू नका. दिसतंय मला.

मी सुचवलं होतं, आधी आणखी प्रती करू, एक मढच्या शाळेत ठेवू. हौशीरामभाऊ म्हणाले, "पोरी, गावोगाव वाटल्यावर आपल्या वाचनालयाचं काय ऱ्हायलं? एकच असू दे, किंमत ऱ्हाती."

भाऊ, दागिन्याची किंमत अशी ठरत असेल. फोटोची कशी ठरवायची?

तळेघरच्या चिमाबाई तिसऱ्या रांगेत बसल्यात. त्यांची लेक साधना गेली. तिचा एकमेव फोटो घर गळलं तेव्हा भिजून काचेला चिकटला. मघाशी दारात त्यांनी विचारलं, "माझी साधना हाय ना गं त्या कपाटात?"

"कपाटात नाही, मावशी. माझ्याकडे आहे."

"मंग तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे. कपाटात नगं, बाई!"

त्यांच्यासाठी प्रिंट आणली आहे. पण पुन्हा घर गळलं तर?

म्हणून माझी अट. तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या गावात. दरवर्षी प्रत्येक डिस्क उघडून फोटो तपासायचे, आणि बिघडायची वाट न बघता काही वर्षांनी नवी घ्यायची. हे मान्य झालं, तर प्रती मी स्वतः करून देईन.

अब्बांना शाल दिलीत, आमचं घर ती मानाने ठेवेल. आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पदरात घ्या. डिस्क दिली नाही, त्याची माफी मात्र मागत नाही.

अटीचं पत्र चिटणीसांकडे दिलंय. शनिवार, २८ तारखेपर्यंत लेखी उत्तर द्यावं, ही विनंती.