विमलताईंची सनद

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा आणि एक प्रश्न मनात धरा. सगळा गाव एका बाजूला आणि एकच माणूस दुसऱ्या बाजूला — तर चुकलेला कोण? घाई नको. आधी ऐका, मग ठरवा.

देवळाच्या विश्वस्तांनी मला मघाशी बाजूला घेतलं. म्हणाले, "बुवा, पुराणातलं काहीही लावा, पण त्या वकीलबाईंचं नको." मी म्हटलं, पुराणातल्यांना माझी गरज नाही. विमलताईंना आहे.

विमलताई सावर्डेकर, आपल्याच तालुक्याच्या कोर्टातल्या वकील. कोर्टाबाहेर भिवा डोंबे चहा करायचा. एका संध्याकाळी कोणीतरी एका वकिलाचं मागून डोकं फोडलं आणि पळालं. आदल्या दिवशी त्या वकिलाचं भिवाशी भांडण झालेलं — झालं, भिवाला उचललं. वकिलांच्या संघटनेनं ठराव केला: भिवाचं वकीलपत्र कोणी घ्यायचं नाही.

भिवाची आई फिरून फिरून ताईंच्या पायरीवर बसली. ताईंनी विचारलं, "मारलं का त्यानं?"

"नाही बाई."

"मारलं असतं तरी त्याच्या बाजूनं कोणीतरी बोलायला हवंच. मी घेते."

आता ऐका, ताईंना कसं अडकवलं. नारळवाल्या सोनबानं त्या संध्याकाळी भिवाला चहाच्या टपरीवरच पाहिलेलं. उत्सवात, याच मंडपाच्या तोंडाशी, तुम्ही प्रसादाच्या रांगेत ऐकत उभे असताना ताई त्याला म्हणाल्या, "सोनबा, पाहिलंस तेवढंच कोर्टात सांग. कमी नको, जास्त नको." वकिलांच्या शिस्त समितीकडे तक्रार काय गेली? साक्षीदाराला धमकावलं!

चौकशीला सोनबा गेला, म्हणाला, धमकी नव्हती. त्याला सांगितलं, तुला पढवलंय. आणि रांगेतलं कोण गेलं? कोणी नाही. कोणाचा दावा कोर्टात पडलेला, कोणाचा भाऊ वकिलाकडे कारकून.

समिती म्हणाली, "माफी मागा, वकीलपत्र सोडा, विषय संपला."

ताई म्हणाल्या, "न केलेल्या गोष्टीची माफी मी मागितली, तर उद्या दुसऱ्यासाठी कोणत्या तोंडानं उभी राहू?"

वकिलीची सनद निलंबित झाली. काळा कोट कपाटात गेला. पण जामिनावर सुटलेला भिवा ताईंच्या ओटीवर यायचा आणि ताई त्याला बोलायला शिकवायच्या. कोर्टात त्यानं स्वतःच त्या मार खाल्लेल्या वकिलाला विचारलं, "वकीलसाहेब, मारणाऱ्याचं तोंड पाहिलंत?"

"नाही. मागून मारलं."

"मग माझं नाव कशावरून घेतलंत?"

वकीलसाहेब आदल्या दिवशीचं भांडणच सांगत बसले. सोनबानं सांगितलं, त्या वेळी भिवा माझ्यासमोर चहा गाळत होता. भिवा सुटला!

मग संघटनेचे अध्यक्ष ताईंकडे आले. "ताई, आता तरी माफीच्या दोन ओळी लिहून द्या. सनद मिळवून देतो."

ताई भाजी निवडत होत्या. "लिहिते की. पण खरं घडलं तेच लिहीन. चालेल?"

अध्यक्ष चहा न घेता गेले.

तर मंडळी, ताईंचं अपील लागलंय. सोमवारी सुनावणी आहे, वरची समिती नव्या साक्षीदारांचं ऐकून घ्यायला तयार आहे. माना डोलावू नका. रांगेत कोण होतं ते देवाला ठाऊक, आणि ताईंनाही — त्या बघा, मागे खांबाशी बसल्यात. आज मी आरती लावणार नाही. सोमवारी कोण येतंय, ते आधी उभं राहून सांगा.

मी थांबलोय.