अण्णांनी वाचलेलं परीक्षण

चहा येईपर्यंत हे ऐका. शिक्षणावरचा तो हिंदी सिनेमा आला होता ना, नगरच्या एका पेपरात मी त्याचं परीक्षण लिहिलं. सगळा रडका, खोटा मामला आहे म्हणून सिनेमाला चांगला झोडपला. शेवटी मात्र राहवलं नाही आणि लिहून बसलो, 'खरा वाटतो तो फक्त संस्थाचालक, जो घरच्या लग्नात शिक्षकांना पंगती वाढायला लावतो.'

दुसऱ्याच दिवशी आमच्या संस्थेच्या अध्यक्षांचा, म्हणजे अण्णांचा निरोप आला, बंगल्यावर या. आता बदली नक्की, असं धरूनच गेलो. अण्णांच्या पुढ्यात पेपर उघडा होता.

"सर, हे तुमी लिहिलं?"

"हो, अण्णा."

"लई भारी! आमच्या श्रीगोंद्याच्या व्याह्याला बरूबर पकडलं. त्याच्या संस्थेत अक्षी असंच चालतं!"

माझा जीव भांड्यात पडला. नमस्कार करून निघालो, तर मागून हाक आली.

"सर, रविवारी पुतन्याचं लगीन हाय. जिलबी नेहमीसारखी तुमच्याकडंच."

शप्पथ सांगतो, इतक्या आनंदानं मी आजवर कधी जिलबी वाढली नव्हती.