चौथा पाय

…आणि वर मलाच विचारतात, ‘तुम्हाला कोणी सांगितलं होतं?’ अहो, कोणी सांगायला कशाला हवं? बाप आहे मी! तुम्हाला सांगतो, मी आपली मदत केली. एवढंच. आता ती मदत अंगाशी आली… म्हणजे माझ्या अंगाशी आली असती तरी चाललं असतं हो, ती आली पोरीच्या!

झालं काय, शाळा संपल्यावर आमच्या मुलीला डिझाइनही शिकायचं होतं आणि गणितही. दोन्ही! मी बस डेपोत टाइमकीपर. माझ्या आयुष्यात एक गाडी एकाच फलाटाला लागते. मी म्हटलं, ‘बाई गं, एक काय ते ठरव!’ तर म्हणते, ‘बाबा, मला ते दोन्ही एकच वाटतं.’ आता याला काय म्हणणार? डिझाइनच्या कॉलेजात गणित नाही, गणिताच्या कॉलेजात हाताला काम नाही, ही रोज माहितीपत्रकं पसरून बसलेली, जेवायला बसलं की ताटाखाली कॉलेज! शेवटी तिनेच एक शोधून काढलं, जिथे दोन्ही एकत्र शिकवतात. जागा किती? बारा! आणि मुलाखतीला जायचं ते स्वतः बनवलेली एक वस्तू आणि तिच्यावर लिहिलेला लेख घेऊन.

तिने स्टूल बनवलं. महिनाभर घासत होती. गोल बैठक, आणि खाली पाय… तीन! मी मोजले. पुन्हा मोजले. मनात म्हटलं, पोरीचं लाकूड कमी पडलं आणि लाजेने बोलत नाही. बायको म्हणाली, ‘अहो, तिला विचारा तरी!’ त्यात विचारायचं काय? मुलाखतीच्या आदल्या दुपारी ती वाचनालयात गेली, मी एका मोडक्या खुर्चीचा पाय कापला, स्टुलाला ठोकला, पॉलिश मारलं, आणि वरून चादर गुंडाळून सुतळीने असं आवळून बांधलं की कॉलेजात पोचेपर्यंत तिला दिसायलाच नको. सरप्राइज! मी आपली मदत केली.

आणि लेख? तो महिनाभर टेबलावरच होता. मी वाचला नाही. कपबशी ठेवायचो त्याच्यावर…

कॉलेजात पालकांना मागे बसू देतात. मोठं वर्कशॉप, जुनी, खालीवर झालेली फरशी. समोर तिघंजण, त्यातल्या मधल्या बाई मुख्य. मुलीने सुतळी सोडली, चादर काढली… आणि थांबली. मी मागून भुवया उडवतोय, ‘कसं आहे?’ म्हणून! तिने एकदा पायांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. कान लालेलाल झाले तिचे. तेवढ्यात बाई येऊन स्टुलावर बसल्यासुद्धा. टक्! पुढे झुकल्या, टुक्! टक्-टुक्, टक्-टुक्, बाई डुलतायत! हातात लेख, त्याच्या पहिल्या पानावर माझ्या बशीचा गोल डाग, आणि बाई मोठ्याने वाचतायत : ‘कोणतेही तीन बिंदू एकाच प्रतलात असतात, म्हणून तीन पायांचं स्टूल वाकड्यातिकड्या जमिनीवरही डगमगत नाही. आमच्या स्वयंपाकघराची फरशी खचली आहे आणि आईचे गुडघे दुखतात. हे तिच्यासाठी आहे.’ टक्-टुक्! ‘मग चार पाय कसे?’

आईसाठी! अहो, त्याच घरात राहतो मी! फरशी तीच, बायको तीच, आणि मला पत्ता नाही! त्या फरशीच्या फटीत मावलो असतो ना, तर तिथल्या तिथे शिरलो असतो.

आणि पोरगी काय म्हणाली असेल? ‘बाबांनी घोळ घातला’ म्हणाली? छे! खाली मान घालून म्हणाली, ‘मॅडम, माझं चुकलं.’ माझं! तिथे मात्र मला बसवेना. ताडकन उठलो, तोंडातून निघालं, ‘मॅडम, चौथा पाय माझा आहे!’

सगळे माझ्या पायांकडे बघायला लागले!

म्हटलं, ‘तसं नाही… मी लावला. तिला न विचारता. लेख न वाचता. मी आपली मदत…’

बाई स्टुलावरून उठल्या. मुलीला म्हणाल्या, ‘आता काय करशील?’ ती म्हणाली, ‘करवत मिळेल?’ आणि मला म्हणाली, ‘बाबा, धर.’ मी फरशीवर बसून स्टूल धरलं, ती माझा पाय कापतेय, भुसा माझ्या चष्म्यावर, आणि कापता कापता बाईंना समजावतेय, भार कुठे पडतो, पाय किती तिरपे ठेवले, का ठेवले… पहिल्यांदा ऐकलं हो मी! आणि मला कळलं! इतकं सोपं करून सांगते ती, आणि मी त्याच्यावर कपबशी ठेवत होतो.

बाई पुन्हा बसल्या. टक् नाही, टुक् नाही.

परतीच्या बसमध्ये मी म्हटलं, ‘मला वाटलं, लाकूड कमी पडलं.’ ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, ‘एकदा विचारायचं ना, बाबा.’ बस्स, एवढंच. चारचौघांत ओरडली असती तरी बरं वाटलं असतं मला!

मिळाला प्रवेश. गेलीसुद्धा. आणि मी कानाला खडा लावला, आता न विचारता कशाला हात लावायचा नाही. परवा नळ गळत होता, बायकोला विचारलं, ‘दुरुस्त करू का?’ ‘नको.’ दाराची कडी? ‘नको हो.’ पंखा? ‘अहो, नको म्हटलं ना!’ …तुम्हाला सांगतो, विचारायला लागल्यापासून मला घरात कामच उरलेलं नाही!